मास्तरांच्या तोंडातल्या टाचण्या

चष्मा लावला की दिसायला लागतं, तसं कानाला यंत्र बसवलं की ऐकू यायला लागेल, असं घरातल्या सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. सगळ्यांनी म्हणजे मास्तरांनी, लेकीने आणि दुकानासमोरच्या किल्ल्या बनवणाऱ्यानेसुद्धा. त्याचा या घराशी काही संबंध नव्हता, पण मत मात्र होतं. खुद्द कात्रीबाईंनाही तसंच वाटत होतं, आता त्या कितीही नाही म्हणोत.

कात्रीबाई म्हणजे मास्तरांची बायको. मास्तर कोट शिवायचे, बाई कापड बेतायच्या. चौतीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नाही. खडूने चार रेघा मारायच्या, एकदा मान तिरकी करून बघायचं आणि कात्री चालवायची. मग मध्ये थांबणं नाही, पुन्हा बघणं नाही. गिऱ्हाइकांनीच त्यांना ते नाव पाडलं आणि त्यांनीही ते पदवी मिळाल्यासारखं लावून घेतलं.

पण त्यांचा खरा जीव होता तो वहीच्या खुर्चीत. कापड बेतायच्या लांब टेबलाजवळ एक लाकडी खुर्ची होती. मास्तर गिऱ्हाइकाला आरशासमोर उभं करायचे, फीत टाकायचे आणि मान न वळवता मापं सांगायचे. बाई त्या खुर्चीत बसून लिहायच्या. सात मापं, नेहमीच्या क्रमाने: लांबी, खांदा, बाही, छाती, कंबर, सीट, गळा. मास्तरांच्या उस्तादांनी त्यांना सांगण्याची एक पद्धत घालून दिली होती. आधी मापाचं नाव, मग श्वासभर थांबायचं, मग आकडा ठामपणे टाकायचा. चुकीचं लिहिलं गेलं तर अख्खा कोट वाया, म्हणून ही शिस्त. "बाही… साडेतेवीस. छाती… चाळीस." गाणं नव्हे ते, पण सूर होता त्याला. आणि तो ऐकता ऐकताच बाईंच्या डोळ्यांसमोर कापड कापलं जायला लागायचं. कोट दोघांनी मिळून कसा केला असं कुणी विचारलं तर त्यांना सांगता आलं नसतं. तो त्या सुरातच होत होता.

मग एका तापात त्यांचा एक कान गेला आणि दोन वर्षांत दुसराही गेला. नऊ वर्षं सगळं चिडीचूप. मास्तर माप घ्यायचे, वहीपर्यंत चालत जायचे, लिहायचे, परत यायचे, आणि तोवर आधीचं विसरलेले असायचे. खुर्चीवर उरल्यासुरल्या कापडांचा ढीग पडला आणि तो ढीग नऊ वर्षं हलला नाही.

आता ओठ वाचून काम चालवावं तर तिथे मास्तरांच्या टाचण्या आडव्या. कुणाला पेन्सिल चावायची सवय असते, यांना दातांत टाचण्या धरायची. चार-पाच तरी कायम. बोलायचे ते ओठांच्या एका कोपऱ्यातून, गिळून-गिळून, अर्धं वाक्य शर्टाच्या कॉलरमध्ये. पुढे पुढे तर टाचण्या नसल्या तरी तसंच बोलायला लागले. ऐकू येणाऱ्या लोकांनाही ते दोनदा विचारावं लागायचं, तिथे बाईंची काय कथा!

शेवटी लेकीने हट्ट धरला आणि ऑपरेशन झालं. कानामागे आत एक तुकडा, बाहेर एक यंत्र आणि केसांवर रुपयाएवढी चकती. चकतीत चुंबक असतो, त्याने ती डोक्याला चिकटून राहते. शिंप्याच्या घरात चुंबक डोक्यावर घेऊन फिरणं किती महागात पडतं ते बाईंना पहिल्याच दिवशी कळलं. टेबलावर वाकल्या काय आणि सरळ झाल्या तर चकतीला सात टाचण्या लटकलेल्या. लेक हसून हसून खाली बसली.

यंत्र सुरू झालं त्या दिवशी मात्र कुणी हसलं नाही. सगळे आवाज पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखे येत होते. मास्तरांचा आवाज आणि रस्त्यावरच्या गाडीचा आवाज यांत फरक करता येईना. "होईल सवय," असं यंत्र जुळवणाऱ्या पोरीने कागदावर लिहून दाखवलं. ती रुग्णालयात हेच काम करायची, कानांची यंत्रं जुळवायची आणि माणसांना धीर द्यायची. तिचं म्हणणं खरं निघालं. महिन्याभरात खडे कमी झाले, शब्द उमटायला लागले. दाराची कडी ओळखू आली. कात्रीचा आवाज ओळखू आला तेव्हा बाई उगाचच पाव मीटर अस्तर कापत बसल्या.

आणि इथेच घरच्यांनी घोळ घातला. सगळे त्यांच्याशी चांगलं बोलायला लागले!

लेक पोहणं शिकवायची. तलावाच्या या टोकावरून त्या टोकाला ओरडायची तिला सवय. ती आईच्या कानाशी येऊन ओरडायची, "आई! च! हा! हवा! का!" यंत्रातून ते असं यायचं की बाई दचकून चकतीच काढून ठेवायच्या. मास्तरांनी तर कहर केला. बायकोला कळावं म्हणून ते एकेक अक्षर सुटं करून, तोंड एवढं वासून बोलायचे की माप द्यायला आलेल्या माणसाला वाटायचं, मास्तरांची दाढ दुखतेय. आणि एवढं करून टाचण्या दातांतच! बाईंच्या कानात नुसते ठोकळे आदळायचे. त्यांचा शब्द बनायचा नाही, शब्दांचं वाक्य बनायचं नाही.

"मला काहीच कळत नाही हो," एकदा त्या रडकुंडीला येऊन म्हणाल्या. मास्तरांनी आणखी मोठ्याने समजूत काढली.

तिसऱ्या महिन्यात रुग्णालयात परीक्षा झाली. लहानशा बंद खोलीत बाई बसल्या. आधी एका बाईच्या आवाजात वीस वाक्यं वाजवली. ती बोलणारी घाईत नव्हती, ओरडत नव्हती, वाक्याच्या सांध्यावर जराशी थांबत होती. बाईंना सतरा वाक्यं कळली. मग तीच बाई दुसरी वीस वाक्यं भराभर, शेजारणीशी बोलल्यासारखी म्हणाली. कळली सहा.

"काका, आता तुम्ही वाचा," पोरगी म्हणाली.

मास्तरांनी खाकरून घेतलं, तोंड वासलं आणि वाचलं. तीन!

"तीन?" मास्तर उडालेच. "अहो, एवढा घसा फोडला मी! ती कोण कुठली बाई, तिची सतरा कळतात, आणि चौतीस वर्षांच्या नवऱ्याची तीन?"

पोरीने त्यांना बसवलं आणि नीट सांगितलं. ओरडलं की आवाज फाटतो. अक्षरं तोडली की बोलण्याची चाल मोडते, आणि नव्या कानाला त्या चालीचाच आधार असतो. "काका, चेहरा समोर ठेवा, थोडं सावकाश बोला, शब्द पुरा उच्चारा आणि अर्थ संपेल तिथे थांबा. बस. आणि त्या टाचण्या…"

"टाचण्यांचं मी बघतो," मास्तर तुटकपणे म्हणाले. घरी येईपर्यंत ते दोन पावलं पुढेच चालत राहिले. त्यांना राग आला नव्हता. ते घाबरले होते. हे बाईंना दिसत होतं, त्यासाठी कान लागत नाही.

त्यानंतर आठ दिवसांनी ती गोष्ट घडली. दुपारची वेळ. बाई टेबलावर वाकून, दुकानाकडे पाठ करून काळं कापड बेतत होत्या. मागे मास्तर एका पोस्टमनचं माप घेत होते आणि सवयीने, स्वतःच्याच नादात मापं पुटपुटत होते. वहीपर्यंत जाईस्तोवर विसरू नयेत म्हणून. बाईंनी खडू उचलला, कापडावर रेघ मारली आणि रेघेशेजारी लिहिलं, बाही साडेतेवीस.

त्यांनी ते वाचलं. त्या बेतत होत्या त्या कोटाची बाही बावीस होती. मग हे साडेतेवीस कुठून आलं?

त्या मुकाट्याने लिहीत राहिल्या, चाळीस, छत्तीस, एक्केचाळीस, साडेपंधरा. पोस्टमन गेला. बाईंनी झडप घालून वही ओढली. पाचच्या पाच बरोबर! पाठ वळलेली असताना! तोंड न बघता!

"अहो!" त्या अशा किंचाळल्या की किल्ल्या बनवणारा धावत आला. "मला ऐकू आलं! तुमचं माप ऐकू आलं मला!"

मास्तरांनी कापडावरचे आकडे बघितले, वहीतले बघितले, परत कापडावरचे बघितले. त्यांच्या तोंडातून एक टाचणी खाली पडली. मग त्यांनी किल्लीवाल्याला धरून आरशासमोर उभं केलं, फीत टाकली आणि बायकोकडे बघत घसा ताणला, "छा! ती! अ! ड! ती! स!"

झालं. परत ठोकळे.

दहा वेळा करून बघितलं. बाईंना ऐकवायचं ठरवलं की मास्तरांचा सूर जायचा, आणि विसरून बोलले की अगदी स्वच्छ यायचं. टाचण्या होत्या तरी यायचं, कारण त्या सात मापांत त्यांची जीभ टाचण्यांतूनही वाट काढायला चौतीस वर्षं शिकली होती. बाईंच्या सगळं लक्षात आलं. नवऱ्याचं बोलणं बिघडलं नव्हतं, त्याची काळजी मध्ये येत होती.

त्याच आठवड्यात अग्निशमन केंद्राचे साहेब दुकानात आले. त्यांना एक्केचाळीस जणांचे समारंभाचे कोट हवे होते. "पण तुम्हीच तिकडे या," ते म्हणाले. "पाळी बदलताना दोन्ही गट केंद्रात असतात. तेवढा दीड तास मिळेल. त्यात सगळ्यांची मापं झाली तर काम तुमचं. नाहीतर आम्ही कारखान्यातून तयार कोट आणू."

दीड तासात एक्केचाळीस माणसं! वहीपर्यंत ये-जा करून ते होणं शक्य नव्हतं. मास्तरांनी खांदे पाडले. "लेकीला बोलवू. ती लिहील."

बाईंनी मान डोलवली. मनात मात्र हिशेब मांडला. हे एवढं मोठं काम लेकीने लिहिलं, की पुढचंही लेकच लिहिणार. मग वहीच्या खुर्चीवरचा ढीग कायमचाच. कान मिळाला तो दाराची कडी ऐकायला मिळाला म्हणायचा. त्या रात्रभर नव्हे, पण चांगल्या दोन कप चहाभर विचार करत बसल्या. मग त्यांनी लेकीला बाजूला घेतलं.

"तू यायचं. वही घेऊन बसायचं. आणि बाबांनी पाठ फिरवली की निघून जायचं."

लेकीने डोळे मोठे केले. "आई! चुकलं तर?"

"ओरडू नकोस. चुकलं तर माझ्या कात्रीने चुकेल. जा म्हटलं की जा."

अग्निशमन केंद्राचं ते मोठं गॅरेज म्हणजे नव्या कानाची सत्त्वपरीक्षाच. उंच छत, फरशी, दोन लाल बंब, एक्केचाळीस दांडगी माणसं आणि सगळी एकमेकांच्या पोटांवरून चेष्टा करणारी. प्रत्येक आवाज छतावर आपटून पुन्हा खाली येत होता. पण गोंगाटात कुठे बसायचं ते यंत्र जुळवणाऱ्या पोरीने सांगितलेलं बाईंना आठवलं. त्यांनी खुर्ची ओढली ती मास्तरांपासून दोन हातांवर, भिंतीला पाठ लावून, उघड्या दरवाज्यापासून लांब. लेक खुर्चीत बसली, आई शेजारी उभी राहिली.

"तयार?" मास्तरांनी लेकीला विचारलं.

"तयार बाबा!" लेक तलावाच्या आवाजात म्हणाली.

मास्तर वळले, पहिल्या जवानाच्या खांद्यावर फीत टाकली. लेक उठली, बुटांचा आवाज न करता बंबाच्या मागून बाहेर गेली. कात्रीबाई नऊ वर्षांनी वहीसमोर बसल्या.

"लांबी… तीस. खांदा… अठरा. बाही… चोवीस."

आलं! गलक्यातून, छतावरच्या घुमण्यातून, एखाद्या ओळखीच्या माणसाने गर्दीतून हात हलवावा तसं माप नेमकं येत होतं. नाव आलं की त्या श्वासभर विरामात बाई तयार व्हायच्या, आकडा येऊन पडायचा तो थेट कागदावर. एक जवान, दोन, पाच, अकरा. बाईंना ओरडावंसं वाटत होतं, नाचावंसं वाटत होतं, पण हात थांबवायची सोय नव्हती. मास्तर रंगात आले होते. पोरगी लिहितेय, काळजी नाही, या भरवशावर त्यांचा जुना सूर सुटला होता, पोटभर हवेने आणि ठाम आकड्यांनी. पंधराव्या जवानानंतर त्यांनी वेग वाढवला. पण विराम सोडला नाही. उस्तादांची शिकवण घाईतही मोडत नव्हती.

अठ्ठावीस झाले. एकोणतिसाव्या जवानाची बाही घेताना घंटा झाली.

काय तो आवाज! बाईंच्या डोक्यात जणू पत्र्याचं छप्परच कोसळलं. माणसं पळाली, बुटांचा धडधडाट झाला, एक बंब गुरगुरत सुरू झाला. एकोणतिसावा जवान पाळी संपलेल्या गटातला, तो जागचा हलला नाही. त्याच्या दंडावर फीत धरून मास्तर तसेच उभे, आणि त्यांचे ओठही हलले. माप त्यांनी सांगितलं होतं, आणि बाईंना त्यातलं काही म्हणजे काही आलं नव्हतं.

बंब दरवाज्याबाहेर गेला. आवाज विरला. मास्तर छातीला फीत लावायला निघाले.

वहीत बाहीपुढे जागा कोरी होती. अंदाजाने चोवीस लिहून टाकता आलं असतं. त्या उंचीला बहुतेक तेवढीच बसते. कुणाला कळलंही नसतं. विचारलं तर नाटक संपलं. मास्तर घाबरणार, ओरडायला लागणार, सूर जाणार, उरलेली तेरा माणसं हातची जाणार. पण कापडाला खोटं सांगायचं बाईंना कधी जमलंच नव्हतं.

"बाही परत सांगा," त्या म्हणाल्या. मोठ्याने, स्पष्ट, चौतीस वर्षांच्या हक्काने.

"बाही… पावणेपंचवीस," मास्तर मान न वळवता म्हणाले. दुकानात हजारदा सांगितलं होतं तसंच.

आणि मग ते थिजले.

फीत हातातच राहिली. ते सावकाश वळले. खुर्चीत लेक नव्हती. बायको होती. नाकावर चष्मा, कानामागे यंत्र, हातात पेन्सिल, आणि वहीत अठ्ठावीस माणसांची मापं ओळीने लिहिलेली.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"पहिल्या माणसापासून."

मास्तरांनी तोंड उघडलं. मोठं उघडलं. आता येणार ठोकळे! पण मास्तरांनी तोंड मिटून घेतलं, वळले आणि जवानाच्या छातीभोवती फीत घेतली. त्यांचा आवाज थरथरत होता, पण नाव, विराम आणि आकडा जागच्या जागी होते.

"छाती… बेचाळीस."

"बेचाळीस," बाईंनी लिहिलं.

कुठेतरी कचऱ्याचा ढीग पेटला होता, तो विझवून बंब अर्ध्या तासात परत आला. दीड तास भरायच्या आत राहिलेल्यांचीही मापं झाली. साहेबांनी घड्याळ बघितलं, वही बघितली आणि म्हणाले, "कोट तुमचेच." जवानांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्यांचा आवाज यंत्रात भयंकर येतो. बाईंनी तो सगळा ऐकून घेतला.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्यावर मास्तरांनी पहिलं काम केलं ते खुर्चीवरचा ढीग उचलण्याचं. मग म्हणाले, "इकडे ये. आरशासमोर उभी राहा."

"कशाला?"

"कोट शिवायचाय. तुझा."

चौतीस वर्षांत त्यांनी बायकोचं माप कधी घेतलं नव्हतं. उरलेल्या तुकड्यांतून बाई स्वतःच काहीबाही शिवून घ्यायच्या. त्या आरशासमोर उभ्या राहिल्या. मास्तरांनी फीत टाकली. लांबी सांगितली, खांदा सांगितला, बाही, छाती. सूर तोच.

"अहो, पण लिहितंय कोण?" बाई हसल्या.

मास्तर थांबले. त्यांनी दातांतल्या टाचण्या एकेक करून काढल्या. ठेवायला जवळ काही दिसेना, म्हणून त्यांनी त्या हलकेच बायकोच्या डोक्यावरच्या चकतीला लावून ठेवल्या. मग समोर आले, चेहरा समोर ठेवला. ओरडले नाहीत, अक्षरं तोडली नाहीत.

"ही नऊ वर्षं…" श्वासभर थांबले. "फार लांब होती."

शब्द न् शब्द आला. बाईंचे डोळे भरून आले, टाचण्या लखलखत राहिल्या, समोरचा किल्लीवाला काम थांबवून बघायला लागला. इतकं स्वच्छ त्यांना यंत्र बसवल्यापासून काहीच ऐकू आलं नव्हतं.

तरीही त्या म्हणाल्या, "परत सांगा."